दगडखाणीतली न दिसणारी धूळ

खाणीत सुरुंग उडाला की उठणारा पांढुरका लोट सर्वांनाच दिसतो आणि तो खाली बसला की हवा निवळली असे समजून कामगार पुन्हा दगडाला भिडतात. वास्तविक डोळ्यांना दिसणारे जाड कण बहुतांशी नाकाघशातच अडकतात व शिंक-खाकऱ्यावाटे बाहेर पडतात. खरा धोका सुमारे ४ मायक्रॉनहून, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंधराव्या हिश्श्याहूनही बारीक कणांचा असतो. एक मायक्रॉनचा कण शांत हवेतही डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला काही तास घेतो आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसातल्या वायुकोशापर्यंत पोहोचतो.

तिथे त्याला गिळायला भक्षकपेशी येतात. जंतू त्या पचवतात. दगडाच्या धुळीतली स्फटिकरूप सिलिका मात्र पचत नाही. ती पेशीतली पाचक पिशवी फोडते, पेशी मरते, मोकळा झालेला कण दुसरी पेशी गिळते आणि हेच चक्र वर्षानुवर्षे चालू राहते. या दाहातून फुप्फुसात कठीण तंतुमय गाठी बनतात, हाच सिलिकोसिस. नुकत्याच फुटलेल्या क्वार्ट्झची, म्हणजे दगडातल्या स्फटिकरूप सिलिकेच्या नेहमीच्या खनिजाची, धूळ जुन्या धुळीपेक्षा अधिक दाहक असते, म्हणून ड्रिल चालवणारा आणि क्रशरपाशी उभा राहणारा कामगार सर्वाधिक धोक्यात असतो. दगडाची जातही महत्त्वाची: वालुकाश्मात व ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर असते, चुनखडीत सहसा अत्यल्प.

नेहमीच्या प्रकारचा सिलिकोसिस दिसायला दहा किंवा अधिक वर्षे लागतात. सुरुवातीला केवळ चढावर धाप लागते आणि ती वयाच्या खात्यावर टाकली जाते. काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो, झालेले व्रण भरून येत नाहीत, शिवाय क्षयरोगाचा धोका बराच वाढतो. त्यामुळे जुन्या खोकल्याच्या रुग्णाला ‘काम काय करता?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे मला वाटते. ही धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केले आहे.

अमेरिकेत २०१६ मध्ये ठरलेली मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. एका पाळीत सुमारे १० घनमीटर हवा आत जाते असे धरले, तर ही मर्यादा जेमतेम अर्धा मिलिग्रॅम भरते. चिमूटभर मीठसुद्धा याच्या शेकडो पट असते.

तोंडाला बांधलेला रुमाल एवढे बारीक कण अडवत नाही. घट्ट बसणारा, योग्य फिल्टरचा मास्क उपयोगी पडतो, पण त्याहून परिणामकारक म्हणजे ड्रिलच्या टोकाशी पाण्याची धार सोडून धूळ उठण्याआधीच भिजवणे. पाळी संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकण्याची सवय मात्र दिवसभर बसलेली धूळ पुन्हा नाकासमोर उडवते.