दोरीच्या अलीकडे

फेब्रुवारी संपत आला की पुण्यातल्या ग्रुपांवर वेळासचे मेसेज सुरू होतात. ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे मंडणगड आणि मग वेळास. कोकणात समुद्रकाठी वसलेलं, नाना फडणवीसांचं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि पुढे गावानेच ते काम आपलं मानलं.

यंदा सोसायटीतली चार कुटुंबं गेलो होतो. सकाळी सातला कासवमित्राने, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्याने, हॅचरीतल्या (अंडी आणून जपतात त्या कुंपणातल्या) घरट्यावरची पालथी टोपली उचलली. खाली लिंबाएवढी, काळपट पिल्लं एकमेकांवर चढलेली. ती समुद्रापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडली. दोन्ही बाजूंना दोरी होती. आमच्यातल्या एकाने फोटोसाठी पाय आत टाकला आणि लगेच मागे घेतला. तेवढ्यात टाचेचा खड्डा पडलाच. एक पिल्लू नेमकं त्यात गेलं, उलटं झालं आणि हवेत वल्ही मारत राहिलं. माझ्या भाचीने विचारलं, "काका, उचलू?" कासवमित्र म्हणाला, "नको गं, त्याचं त्याला जमतंय का बघू." मिनिटभराने ते सुलटं झालं. तोवर बाकीची पाण्याला लागली होती.

ही धडपड फुकटची नसते. पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाची थोडी शिदोरी असते आणि पहिले काही दिवस खोल पाण्याकडे न थांबता पोहायचं ते तिच्या जोरावर. खड्ड्यात खर्च झालेली ताकद तिथे कमी पडते. मग उचलून थेट पाण्यात का सोडायचं नाही? कारण पिल्लू दिशा धरतं ती या चालण्यात. आधी क्षितिजाजवळचा उजेड, पाण्यात शिरल्यावर समोरून येणाऱ्या लाटा आणि त्यापुढे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, अशी ती साखळी आहे. तिची पहिली कडी आपण तोडायची नाही.

उजेडाबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. हॅचरीबाहेर नजरेतून सुटलेली घरटीही असतात आणि त्यातली पिल्लं बहुतेक रात्री, वाळू गार झाल्यावर निघतात. चांदण्यात चमकणारं पाणी त्यांना मागच्या सुरूच्या झाडीपेक्षा उजळ दिसतं, म्हणून ती तिकडे वळतात. किनाऱ्यावर शेकोटी, गाडीचे दिवे किंवा मोबाइलची टॉर्च असली तर ती उलटी फिरतात आणि सकाळी कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जातात. अंडी घालायला वर आलेली मादीसुद्धा उजेड आणि माणसांची हालचाल पाहून तशीच परत फिरते. म्हणून रात्री किनाऱ्यावर जाऊच नये. वाळूवर गाडी तर अजिबात नको, खाली दीड फुटावर शंभराहून जास्त अंडी असू शकतात.

संध्याकाळी एकही पिल्लू निघालं नाही. पुण्याहून आलेला दुसरा एक ग्रुप चिडला, "जरा उकरून तरी बघा" म्हणू लागला. पण उकरायचं नसतं, कारण अंडी फुटल्यावरही पिल्लं काही दिवस वाळूतच असतात. उरलेला बलक पोटात घेत, एकमेकांच्या धक्क्याने वर सरकत. अंडी साधारण ४५ ते ६० दिवसांत फुटतात, पण नेमका दिवस वाळूची ऊब ठरवते. त्यामुळे निघण्याआधी गावात फोन करावा आणि जमलं तर दोन रात्रींचा मुक्काम ठरवावा. आमची पुढची पिल्लं दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली, तेव्हा तो ग्रुप घाट चढत होता.