ग्राउसची बंदूक ठरते पाव मिलिमीटरवर

छऱ्यांच्या बंदुकीला नेम लागत नाही, चाप ओढला की समोरचं सगळं आडवं, हा समज सिनेमांनी आपल्या डोक्यात पक्का बसवला आहे. पडद्यावर दुनळीचा एक बार निघतो आणि चार गुंड एकदम कोसळतात. प्रत्यक्षात घट्ट तोंडाच्या नळीतून सुटलेल्या छऱ्यांपैकी पाऊण हिस्सा १८ मीटरवर परातीएवढ्या वर्तुळात पडतो. परातीबाहेरचा गुंड बहुधा सुखरूप घरी जाईल.

हे वर्तुळ केवढं असावं, हा प्रश्न ग्राउसच्या शिकारीत जितका नेमका विचारला जातो तितका क्वचितच कुठे विचारला जात असेल. रफ्ड ग्राउस हा अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, मेन या राज्यांच्या जंगलांतला कोंबडीच्या कुळातला पक्षी, वजन अर्धा ते पाऊण किलो. भारतात खरे ग्राउस नाहीत, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे आपल्याकडे हौशी शिकारीचा प्रश्नही आता उरलेला नाही. तिकडे मात्र ही शिकार परवान्यावर, ठरलेल्या हंगामात चालते. कोवळ्या ॲस्पेनच्या गच्च झाडीत ग्राउस दडून बसतो, माणूस अगदी जवळ आला की पंखांचा गडगडाट करत उठतो आणि एक-दोन सेकंदांत फांद्यांआड होतो. बार टाकायचा तो बहुतेक वेळा १५ ते २० मीटरवर.

आधी बोअर. नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा घ्या. असे बारा गोळे मिळून एक पौंड भरत असतील तर ती बारा बोअरची बंदूक, वीस भरत असतील तर वीस बोअरची. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते : बारा बोअर १८.५ मिमी, वीस बोअर १५.६ मिमी. वीस बोअरची बंदूक अडीच-तीन किलोंत बसते आणि दिवसभर झाडीतून हातात बाळगता येते.

आता चोक. माझ्या मते बंदुकीतला सर्वांत देखणा भाग हाच. नळीच्या तोंडाशी शेवटचे काही सेंटिमीटर किंचित आवळलेले असतात. न्यूकॅसलच्या विल्यम रॉचेस्टर पेप यांनी १८६६ साली याचं पेटंट घेतलं. ‘इम्प्रूव्हड सिलिंडर’ चोकमध्ये तोंड नळीपेक्षा पाव मिलिमीटरने अरुंद असतं, ‘मॉडिफाइड’मध्ये अर्ध्या आणि ‘फुल’मध्ये जवळपास एका मिलिमीटरने. एवढ्याने काय होतं? दारू पेटली की छर्रे क्षणार्धात सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास वेग घेतात. नळीतून येतो तो छऱ्यांचा दाटीवाटीचा स्तंभ. आवळलेल्या भागात शिरताना कडेच्या छऱ्यांना आतल्या दिशेने ढकल मिळते आणि स्तंभ थोडा लांबट होतो. त्यामुळे बाहेर पडल्यावर ते पांगतात सावकाश. शिवाय शिसं मऊ. मागचे आणि कडेचे छर्रे दाबाने चपटे होतात, आणि चपटा छर्रा हवेत वाकडा जातो.

छर्रे किती पांगतात हे मोजायची जुनी रीत अशी : ३६.५ मीटरवर ७६ सेंमी व्यासाचं वर्तुळ आखायचं आणि आत पडलेले छर्रे मोजायचे. चोक नसलेल्या नळीचे साधारण ४० टक्के आत पडतात, इम्प्रूव्हड सिलिंडरचे ५०, मॉडिफाइडचे ६०, फुलचे ७०. छऱ्यांचं विखुरणं बऱ्यापैकी घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे होतं. पांगणं अंतराच्या प्रमाणात वाढतं असं धरलं, तर या वक्रातून एक सुंदर नियम निघतो : अंतर निम्मं केलं की वर्तुळाबाहेर पडणाऱ्या वाट्याचा चौथा घात होतो. इम्प्रूव्हड सिलिंडरचे निम्मे बाहेर पडत होते, ०.५ चा चौथा घात ०.०६, म्हणजे १८ मीटरवर ९४ टक्के आत. फुलचे ०.३ बाहेर होते. त्याचा चौथा घात ०.००८, म्हणजे जवळजवळ सगळेच आत, तेही मध्यभागी घट्ट गोळा होऊन.

वीस बोअरच्या २५ ग्रॅमच्या काडतुसात साडेसात नंबरचे सुमारे ३०० छर्रे असतात, प्रत्येकी २.४ मिमी. पक्ष्याचं अंग शंभर चौरस सेंटिमीटर धरा. इम्प्रूव्हड सिलिंडरमधून त्याला सरासरी सहा छर्रे लागतात, तो जागीच पडतो. फुल चोकच्या परातीएवढ्या, ४० सेंमीच्या वर्तुळात सापडला तर सरासरी अठराएक लागतात आणि खाण्याजोगं मांस उरत नाही. कडेला सापडला तर एखादाच लागतो, आणि जखमी पक्षी झाडीत मरायला जातो. ताशी ५० किमी वेगाने आडवा उडणारा पक्षी छर्रे पोचेपर्यंत ८० सेंमी पुढे गेलेला असतो. एवढा अंदाज सेकंदाच्या आत बांधणाऱ्या माणसाला ४० सेंमीचं वर्तुळ देणं हे पक्ष्यावरही अन्यायाचं आहे. म्हणून दुनळीची पहिली नळी इम्प्रूव्हड सिलिंडर आणि दुसरी मॉडिफाइड घ्यावी, कारण दुसऱ्या बारापर्यंत पक्षी दूर गेलेला असतो.

लांब नळी लांब मारते, हा समज आता सोडायला हवा. आधुनिक दारू नळीच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण भागातच जळून जाते. ६६ सेंमीची नळी झाडीत वळवायला सोपी. ‘हाय व्हेलॉसिटी’ म्हणजे जादा वेगाच्या काडतुसांची जाहिरातही अशीच. बारीक छऱ्याला होणारा हवेचा अवरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, त्यामुळे पैसे मोजून घेतलेला जादा वेग बराचसा वाटेतच संपतो. खांद्याला धक्का मात्र पुरेपूर बसतो.

राहिलं शिसं. जमिनीवर पडलेले छर्रे पक्षी खडे समजून गिळतात. पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, ते झिजतात आणि विष रक्तात उतरतं. पाणपक्ष्यांच्या शिकारीत अमेरिकेने १९९१पासून देशभर शिशाचे छर्रे बंद केले; ग्राउसच्या रानातूनही ते जायला हवेत. पोलादाची घनता ७.८, शिशाची ११.३, म्हणून पोलादी छर्रा लवकर मंदावतो. तो एक-दोन नंबर जाड घेतला की १५-२० मीटरवर काही अडत नाही. पोलाद चपटं होत नाही, त्यामुळे छऱ्यांचा पसारा आणखी घट्ट येतो आणि चोक आणखी मोकळा चालतो. आजोबांच्या काळातली पातळ नळीची, फुल चोकची दुनळी असेल तर मात्र पोलाद वापरू नये, नळीचं तोंड फुगू शकतं. तिच्यासाठी पोलादाहून मऊ अशा बिस्मथ धातूचे छर्रे मिळतात, पण त्याआधी ती बंदूक जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी.