वातावरणमापन व संशोधन, कोकण किनाऱ्यावरील

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर हवेचे तापमान, दाब, आर्द्रता, वारा, ढग आणि पाऊस यांचे घेतले जाणारे वेध, तसेच त्या वेधांवर उभे राहिलेले पदव्युत्तर व पीएच.डी. स्तरावरचे संशोधन. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला सुमारे ५० किमी.वर सह्याद्री, एवढ्या अरुंद पट्टीत पावसाचे मान गावागणिक बदलते. म्हणून इथल्या संशोधकाचा निम्मा वेळ ‘पाऊस का पडला’ यापेक्षा ‘नेमका किती पडला’ हे ठरवण्यातच जातो, आणि तो वाया गेला असे म्हणता येत नाही.

मुंबईतील कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केली. तिथे १८४१ पासून हवामानाचे व भूचुंबकत्वाचे नियमित वेध सुरू झाले. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने चुंबकीय वेध बिघडणार म्हटल्यावर त्या वेधांसाठी अलिबागला नवी वेधशाळा उभारली गेली. हे स्थलांतर नानाभाई मूस या पहिल्या भारतीय संचालकांच्या देखरेखीखाली, दोन्हीकडे काही काळ एकत्र वेध घेऊन झाले. जागा बदलली तरी नोंदींची साखळी तुटू न देण्याचा तो नमुना आजही विद्यार्थ्यांनी अभ्यासण्यासारखा आहे. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. डहाणू, सांताक्रूझ, कुलाबा, अलिबाग, हर्णे, रत्नागिरी आणि वेंगुर्ला ही किनाऱ्यावरची त्याची परिचित केंद्रे.

पर्जन्यमापक हे सर्वांत साधे आणि अजूनही सर्वांत भरवशाचे साधन. खात्याच्या प्रचलित पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी. असते, म्हणजे १ मिमी. पावसाला २० मिलि. पाणी जमते. काठ जमिनीपासून ३० सेंमी. उंच ठेवतात. जवळच्या झाडा-घरापासूनचे अंतर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट असावे लागते. माडांच्या वाडीत तेवढी मोकळी जागा मिळवणे हेच मोठे काम. नोंद रोज सकाळी ८.३० वाजता होते. आषाढातल्या झडीत आतली बाटली ओसंडण्याच्या बेतात येते, तेव्हा निरीक्षक मध्येच पाणी मोजून ती रिकामी करतो आणि सगळी बेरीज सकाळी मांडतो. स्वयंचलित यंत्रात दोन छोटी पात्रे आळीपाळीने भरून कलंडतात आणि प्रत्येक कलंडणे ०.२ किंवा ०.५ मिमी. धरले जाते. पाऊस धो धो कोसळू लागला की कलंडण्याच्या क्षणी येणारे पाणी हिशेबाबाहेर जाते, त्यामुळे ही यंत्रे नेमक्या मोठ्या पावसातच कमी आकडा दाखवतात. गाळणीत पाचोळा अडकला तर सरीची वेळही चुकते.

८.३० ची ही वेळ नवख्या संशोधकासाठी पहिला सापळा आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर कोसळलेला पाऊस खात्याच्या वहीत २७ जुलैच्या तारखेखाली येतो, कारण नोंद मागच्या २४ तासांची असते. उपग्रहाचा दिवस मात्र जागतिक वेळेप्रमाणे, म्हणजे आपल्या पहाटे ५.३० ला बदलतो. दोन्ही आकडे तसेच शेजारी ठेवले तर तुलनाच फसते. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी. आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७४ मिमी. पाऊस झाला. कोकणात विरळ केंद्रांवर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे याहून ठळकपणे दाखवणारे दुसरे उदाहरण नाही.

तापमान व आर्द्रतेसाठी लाकडी झडपांची पांढरी पेटी वापरतात. तिचे दार उत्तरेला उघडते, म्हणजे वाचन घेताना ऊन आत शिरत नाही. आतल्या ओल्या तापमापकाच्या फुग्यावर मलमलीची भिजवलेली चिंधी असते; तिच्यातले पाणी उडताना तापमापक जितका उतरतो, त्यावरून आर्द्रता काढतात. खाऱ्या वाऱ्याने तिच्यावर मीठ साचते, बाष्पीभवन मंदावते, तापमापक हवा तितका उतरत नाही आणि आर्द्रता खरीपेक्षा जास्त दिसते. किनाऱ्यावरच्या केंद्रात ही चिंधी वेळेवर बदलणे फार महत्त्वाचे. संशोधकाने केंद्राला भेट द्यावी ती अशा गोष्टी पाहण्यासाठी.

वरच्या हवेचा वेध फुग्याने घेतात. हायड्रोजन भरलेला फुगा मिनिटाला सुमारे ३०० मी. वेगाने चढतो. त्याला टांगलेले रेडिओसाँड हे यंत्र तापमान, दाब व आर्द्रता रेडिओ संदेशाने कळवते, तर फुग्याच्या सरकण्यावरून वारा कळतो. ठरलेल्या वेळा पहाटे व संध्याकाळी ५.३० च्या. पावसाळ्यात सुमारे दीड किमी. उंचीवर वाहणारा जोरदार पश्चिमी वारा अशाच वेधांतून पुढे आला. द्वीपकल्पावरील या झोताचे वर्णन पी. व्ही. जोसेफ व पी. एल. रामन यांनी १९६६ मध्ये केले. हाच झोत समुद्रावरचे बाष्प घाटाकडे ढकलतो. किनाऱ्यालगतच्या कमी दाबाच्या द्रोणीचा (लांबट पट्ट्याचा) आणि अतिवृष्टीचा संबंध तपासण्यासाठी २००२ मध्ये ‘आर्मेक्स’ ही अरबी समुद्रावरील मोहीम झाली.

रडारची अडचण वेगळी आहे. रेडिओ लहरींचा किरण सोडून पावसाच्या थेंबांवरून परतणारा प्रतिध्वनी मोजणारे डॉप्लर रडार मुंबई आणि पणजी येथे आहेत, पण पृथ्वीच्या वक्रतेमुळे किरण दूर जाताना उंच होत जातो. अर्धा अंश चढाचा किरण मुंबईहून सुमारे २२० किमी.वरच्या रत्नागिरीवर पोहोचतो तेव्हा तो पावणेपाच किमी. उंचीवर असतो, पणजीकडून येणाराही ३ किमी.च्या वर. कोकणातला बराचसा पाऊस उथळ ढगांतून, गोठणपातळीच्या (जिथे तापमान शून्य अंशावर येते त्या उंचीच्या) खालीच तयार होतो. तो किरणाखालून निसटतो. शिवाय प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो: व्यास दुप्पट, तर प्रतिध्वनी ६४ पट. घाटात थेंब पुष्कळ पण बारीक, म्हणून प्रतिध्वनीवरून पाऊस काढण्याचे प्रचलित सूत्र तो कमी सांगते. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने महाबळेश्वरला २०१२ मध्ये सुरू केलेल्या मेघ-भौतिकी प्रयोगशाळेत थेंबांचे आकार मोजले जातात, ते यासाठीच. उथळ ढगांचा माथा फारसा थंड नसतो, म्हणून ढगमाथ्याच्या थंडाव्यावरून अंदाज बांधणारे उपग्रहही इथे असेच फसतात.

हवामान खात्याचा जाळीबद्ध पर्जन्य-विदासंच (नकाशावरच्या प्रत्येक चौकटीसाठी पावसाचा एकेक आकडा देणारा संच) पाव अंशाचा, म्हणजे सुमारे २७ किमी.च्या चौकटींचा आहे. कोकणाची रुंदी त्यात दोनच चौकटींत आटोपते. किनारा, सडा (जांभ्या खडकाचे पठार) आणि घाटपायथा एकाच आकड्यात मिसळतात. प्रबंधासाठी हा संच वापरताना मूळ केंद्रांच्या नोंदींशी पडताळा घेणे अत्यावश्यक आहे.

या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, तर संशोधन पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत व मुंबईच्या आयआयटीत चालते. भौतिकशास्त्र किंवा गणिताचा पाया उपयोगी पडतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आंबा, काजू व भातासाठी कृषिहवामानाचा अभ्यास होतो. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत आयनांबराचे, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थराचे संशोधन चालते. रत्नागिरी परिसरात, दोन्ही रडारांच्या मधल्या पट्ट्यात, दाट पर्जन्यमापक आणि थेंबमापक बसवून उथळ ढगांच्या पावसाचे सूत्र नव्याने बांधणे हा नव्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा असा, निसर्गाने समोरच मांडून ठेवलेला विषय आहे.