ॲक्रिलिक काम, घरगुती कार्यशाळेतील

पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट या पारदर्शक प्लॅस्टिकची शीट कापून, वाकवून, जोडून व पॉलिश करून यंत्रांची आवरणे, मोजपट्ट्या, पेट्या आणि साचे हाताने बनविण्याच्या कामास ॲक्रिलिक काम म्हणतात. ओटो रोम यांच्या जर्मन कंपनीने १९३३ मध्ये हे प्लॅस्टिक ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने बाजारात आणले. ब्रिटनमध्ये ते ‘पर्स्पेक्स’ म्हणून ओळखले जाते. त्याची घनता सुमारे १.१९ ग्रॅम प्रति घन सेंमी., म्हणजे काचेच्या निम्म्याहून कमी असते आणि त्यातून सुमारे ९२ टक्के दृश्य प्रकाश आरपार जातो.

सुमारे १०५° से. तापमानाला ते मऊ पडू लागते व १५०–१६०° से. ला सहज वाकते. त्यासाठी लागणारे पट्टी-तापक (शीट एका सरळ रेषेत तापविणारे साधन) घरीच बनविता येते. उष्णतारोधक तक्त्यावर ॲल्युमिनियमची पन्हळ बसवून तीत नायक्रोमची (निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची) तार ताणतात. तापल्यावर तार लांबून सैल पडते, म्हणून तिचे एक टोक स्प्रिंगला अडकवितात. उघड्या तारेला थेट घरगुती वीज जोडणे जिवावर बेतू शकते. १२ किंवा २४ व्होल्टचा, विलग गुंडाळ्यांचा (दोन्ही गुंडाळ्या विजेच्या दृष्टीने एकमेकींपासून अलग असलेला) ट्रान्सफॉर्मर वापरणे आवश्यक असते. शीट तारेला न टेकविता काही मिमी. वर ठेवतात आणि तापलेली बाजू बाहेर येईल अशा रीतीने वाकवितात. वाकविताना जोर लावावा लागत असेल, तर शीट पुरेशी तापलेली नाही असे समजावे.

कापलेली कड प्रथम हॅक्सॉ पात्याच्या पाठीने खरवडतात. नंतर वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) पाण्यासह २२० पासून १,२०० क्रमांकापर्यंत चढत्या क्रमाने चालवून शेवटी सुती बफवर (फिरत्या कापडी चाकावर) चमक आणतात. ज्योतीने हीच चमक काही क्षणांत येते, आणि घाईच्या कामात मोह होतो तो याच पद्धतीचा. परंतु ज्योतीमुळे, तसेच लेसरच्या कापामुळे, कडेच्या थरात ताण साठतो. अशा कडेला डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म यांसारखा, प्लॅस्टिक विरघळविणारा द्रावक लावून जोड दिला, किंवा नुसती स्पिरिटने पुसली, तरी केसासारख्या बारीक भेगा उमटतात आणि त्या कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. म्हणून जोडण्यापूर्वी तुकडे ८०° से. च्या आसपास काही तास ठेवून सावकाश थंड करतात. द्रावक जोडात केशाकर्षणाने आपोआप शिरतो. त्याची वाफ घातक असल्याने हे काम खेळत्या हवेतच करतात.

साध्या ड्रिल बिटची धार ॲक्रिलिकमध्ये रुतते व भोक पडून बाहेर येताना शीट तडकते. हे टाळण्यासाठी बिटच्या कापणाऱ्या धारा किंचित सपाट घासतात आणि शीटखाली लाकडाचा आधार देतात. स्क्रूसाठी भोक थोडे सैल ठेवावे लागते, कारण तापमान ३०° से. ने वाढले तर एक मीटर लांबीची शीट सुमारे २ मिमी. वाढते.

लेसर यंत्रात ॲक्रिलिक समजून पीव्हीसीची (पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लॅस्टिकची) शीट ठेवल्यास हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निर्माण होतो. तो फुप्फुसांना इजा करतो आणि यंत्राचे लोखंडी भागही गंजवितो.