दांड्यांचे गोळे होताना

पॉलीस्टायरीन आणि पॉलीआयसोप्रीन हे लांब साखळ्यांचे दोन पदार्थ (पॉलिमर) एकत्र वितळवले, तरी ते एकमेकांत मिसळत नाहीत, वेगळे होतात. पण दोघांची टोकं रासायनिक बंधाने जोडून एकच लांब साखळी केली, तर पळणार कुठे? अशा साखळ्यांना ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. साखळीच्या लांबीपलीकडे दूर जाणं शक्य नसल्याने दोन्ही घटक काही दहा नॅनोमीटरच्या आतच आपापले कप्पे पाडतात, आणि हे कप्पे स्फटिकासारखे शिस्तीत लागतात.

कप्प्यांचा आकार मुख्यतः प्रमाणावर ठरतो. निम्मं-निम्मं असेल तर एकाआड एक थर. एक घटक बराच कमी असेल तर त्याचे समांतर दांडे, षटकोनी मांडणीत. आणखी कमी झाला तर गोळे. थर आणि दांडे यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात जायरॉईड मिळतो : एकमेकांत गुंतलेली, तरी एकमेकांना कुठेही न शिवणारी दोन जाळी.

तापमान वाढलं की दोन घटकांमधला दुरावा सहसा कमी होतो. ज्याचं प्रमाण दोन रचनांच्या सीमेलगत आहे, असा कोपॉलिमर मग एक रचना सोडून दुसरी धरतो. मला यात सर्वांत मोहक वाटतं ते दांड्यांचं गोळ्यांत होणारं रूपांतर. जुनी रचना आधी पुरती मोडते आणि नवी कोऱ्या जागेवर उभी राहते, असा आपला समज होईल. तसं होत नाही. दांड्याची जाडी लाटेसारखी कमी-जास्त होऊ लागते, फुगवटे वाढतात, मधले गळे बारीक होऊन तुटतात आणि एकेका दांड्याची मण्यांची माळ होते. शेजारच्या माळा मात्र एका रेषेत नसतात; दोन मण्यांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशाने त्या मागे-पुढे सरकलेल्या असतात. एवढं झालं की घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यावर गोळे असलेली रचना तयार! दांड्यांची जुनी दिशा म्हणजे आता त्या घनाचा कर्ण. नमुन्यातून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या चित्रात म्हणूनच मुख्य ठिपक्यांचं केंद्रापासूनचं अंतर फारसं बदलत नाही.

थंड करताना गोष्ट वेगळी. घनाला असे कर्ण चार, आणि चारही सारखेच. त्यामुळे गोळे जुळून पुन्हा दांडे झाले, तरी ते मूळ दिशेलाच उभे राहतील याची खात्री नाही.

थरांचा जायरॉईड होताना याहून जास्त चकवा बसतो. आधी थरांना शिस्तबद्ध भोकं पडतात. ही सच्छिद्र थरांची अवस्था इतकी रेंगाळते, की ती स्वतंत्र, स्थिर रचना मानली गेली होती. 1994 मध्ये मार्क मॅटसेन आणि मायकेल शिक या भौतिकशास्त्रज्ञांनी कोणती रचना कुठे स्थिर राहते याचा गणिताने नकाशा काढला; त्यात जायरॉईडला जागा होती, सच्छिद्र थरांना नव्हती. पुढे 1997 मध्ये प्रयोगांतूनही तेच दिसलं : नमुने पुरेसा वेळ तापवून ठेवले, की भोकं पडलेले ते थर जायरॉईडमध्ये बदलत होते.