बुडबुड्याआधीचं निळं आकाश

जपानच्या 'बबल' काळाचं, म्हणजे ऐंशीच्या दशकाअखेरीस जमिनी आणि शेअर फुग्यासारखे फुगले त्या तेजीचं, एक ठरलेलं चित्र सगळीकडे फिरत असतं. गडद निळं आकाश, समुद्राकाठचा रस्ता, उंच ताडाची झाडं, टप उघडलेली लाल गाडी आणि शेजारच्या सीटवर केस वाऱ्यावर सोडून बसलेली मुलगी. पाठीमागे सिंथेसायझरची तुकतुकीत धून. हे चित्र बहुतेक वेळा सेगा या जपानी कंपनीच्या 'आउट रन' या नाणं टाकून खेळायच्या गेममधून उचललेलं असतं, नाहीतर त्याची नक्कल तरी असते. आणि त्यावर हळहळही ठरलेली: पैसा होता तेव्हा जपानी गेम असे दिसायचे!

तारखा लावून पाहिल्या की ही हळहळ जरा लटकी पडते. आउट रन आला सप्टेंबर १९८६ मध्ये. जिला बबल म्हणतात ती तेजी सरकारी मोजणीनुसार सुरू झाली त्या वर्षाच्या अखेरीस आणि संपली फेब्रुवारी १९९१ मध्ये. म्हणजे हा गेम बनत होता तेव्हा जपानी कारखानदार चक्क मंदीच्या नावाने रडत होते. त्या मंदीला नावही होतं, 'एन्दाका फुक्यो', महाग येनची मंदी.

येन महाग झाला तो न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात. २२ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी तिथे बसून डॉलर उतरवायचं ठरवलं. तेव्हा एका डॉलरला सुमारे २४० येन पडत. १९८७ सरता सरता हा भाव १२० च्या आसपास आला. निर्यातीवर जगणाऱ्या देशाच्या पोटावरच पाय. तो सुसह्य व्हावा म्हणून बँक ऑफ जपानने व्याजदर ५ टक्क्यांवरून उतरवत फेब्रुवारी १९८७ मध्ये २.५ टक्क्यांवर आणला आणि दोन वर्षांहून जास्त काळ तिथेच ठेवला. स्वस्त कर्जाचा पैसा जमिनीत आणि शेअरांत धावला. जमीन तारण ठेवून कर्ज, त्या कर्जातून आणखी जमीन. टोकियोतल्या राजवाड्याच्या आवाराची किंमत अख्ख्या कॅलिफोर्नियाएवढी आहे, असं लोक तेव्हा एकमेकांना सांगत. १९८७ मध्ये यासुदा विमा कंपनीने व्हॅन गॉगची 'सूर्यफुलं' लंडनच्या लिलावात जवळपास अडीच कोटी पौंडांना उचलली. २९ डिसेंबर १९८९ रोजी टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. तो कळस.

गेमच्या दृष्टीने मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. येन वधारला आणि परदेश स्वस्त झाला. १९८६ मध्ये साधारण ५५ लाख जपानी लोक देशाबाहेर गेले. पाच वर्षांत हा आकडा एक कोटीवर न्यायचा, असं सरकारने १९८७ मध्ये जाहीर केलं आणि १९९० मध्येच तो पार झाला. रोज गच्च भरलेल्या लोकलने ऑफिस गाठणाऱ्या माणसाच्या स्वप्नात समुद्र, मोकळा रस्ता आणि सुट्टी आली ती या हवेत. आउट रन हे त्या सुट्टीचं स्वप्न आहे, आणि स्वप्न खर्चाच्या आधी पडतं.

गेमचा कर्ता यू सुझुकी. त्याच्या डोक्यात आधी अमेरिका होती, पण तिथला रस्ता मैलोन् मैल तसाच राहतो. मग तो युरोपात गेला. फ्रँकफर्टहून भाड्याच्या बीएमडब्ल्यूने निघून आल्प्स, फ्रान्सचा दक्षिण किनारा, रोम असं भटकत त्याने फोटो काढले, टिपणं केली. गेममध्ये तो सगळा प्रवास काही मिनिटांत दाबून बसवलाय: कोकोनट बीचवरून निघायचं, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता दुभंगतो, डावीकडे जायचं की उजवीकडे ते आपण ठरवायचं. हरवायला कोणी प्रतिस्पर्धी नाही. फक्त घड्याळ. आणि गाडी सुरू करण्याआधी रेडिओवरचं गाणं निवडायचं! सुझुकी याला शर्यतीचा गेम म्हणत नसे, गाडी चालवण्याचा म्हणे. लाल गाडी फेरारी टेस्टारोसा होती हे पोरंसोरंही ओळखत, फेरारीची परवानगी मात्र कोणी घेतली नव्हती.

ते आकाशही सेगाने शोधलेलं नाही. हिरोशी नागाई आणि एइझिन सुझुकी हे दोन चित्रकार ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून गाण्यांच्या तबकड्यांची वेष्टणं असल्याच निळाईने रंगवत होते. निर्मनुष्य तरणतलाव, पांढऱ्या भिंती, कडक ऊन, जुनी अमेरिकन गाडी. नागाईचं सगळ्यात गाजलेलं वेष्टण १९८१ चं, म्हणजे प्लाझाच्याही चार वर्षं आधीचं. आउट रन पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या डोळ्यांना त्या निळ्या रंगाची सवय होऊन गेली होती.

मग बबलने दिलं काय? माझ्या मते चित्र नाही, पेटी दिली, म्हणजे ज्यात नाणं टाकून खेळायचं ते यंत्र. गेम सेंटरचा धंदा तेव्हा अडचणीत होता. एकीकडे जुलै १९८३ मध्ये आलेला निन्तेन्दोचा फॅमिकॉम १४,८०० येनमध्ये घरात खेळायला मिळत होता (आपल्याकडे नव्वदच्या दशकात मिळणारे स्वस्त 'टीव्ही गेम' म्हणजे बहुतेक त्याच्याच नकला). दुसरीकडे १९८५ च्या फेब्रुवारीत सुधारित कायदा लागू झाला आणि गेम सेंटरं बार-कॅबरेंसारख्या धंद्यांच्या रांगेत जाऊन बसली. मध्यरात्रीनंतर कुलूप लावणं सक्तीचं झालं. अंधारी, धुरकट, पोरांना बिघडवणारी जागा हे नाव पुसायचं तर घरी कधीच बसवता येणार नाही असं काहीतरी द्यायला हवं होतं. सेगाने 'ताइकान', म्हणजे अंगाने अनुभवायचे गेम काढले. १९८५ च्या 'हँग-ऑन'मध्ये अख्ख्या मोटारसायकलवर बसून अंग झुकवायचं. आउट रनची मोठी पेटी वळणावर मोटरने डुलायची. १९८७ च्या 'आफ्टर बर्नर'मध्ये लढाऊ विमानाचं आसनच हलायचं. १९८५ मध्येच सेगाने बाहुल्या उचलणारी काचेची 'यूएफओ कॅचर' पेटीही आणली, त्यामुळे मुली आणि जोडपी आत येऊ लागली. ही अवजड यंत्रं विकत घ्यायला दुकानमालकाकडे पैसा लागतो, ती ठेवायला उजळ, प्रशस्त जागा लागते, आणि एकेका खेळाला नेहमीपेक्षा जास्त नाणी टाकणारं गिऱ्हाईक लागतं. हे तिन्ही त्या वर्षांत होतं.

आवाजाचं तसंच. यामाहाची वायएम२१५१ ही आवाजाची चिप आउट रनच्या पेटीत होती आणि यामाहाचाच डीएक्स-७ सिंथेसायझर १९८३ पासून जगभरच्या स्टुडिओंत वाजत होता. दोन्हींमागे आवाज घडवण्याची एकच एफएम पद्धत, म्हणून गेमचं संगीत आणि कॅफेत वाजणारं जॅझ-फ्युजन एकमेकांचे भाऊ वाटतात. आउट रनचा संगीतकार हिरोशी कावागुची फ्युजनचा चाहता होता. पुढे सेगाच्या संगीतकारांनी एस.एस.टी. बँड काढला आणि ते मंचावर उभे राहून गेमच्या धुना वाजवू लागले. त्यात फॉर्म्युला वनचं वारं. १९८७ मध्ये सुझुकाच्या ट्रॅकवर जपानी ग्राँ प्री सुरू झाली, जपानी ड्रायव्हर सातोरू नाकाजिमा त्याच वर्षी लोटसतर्फे पूर्ण मोसम धावला, आणि फुजी टीव्हीने शर्यतींच्या प्रक्षेपणाला लावली ती धूनही एका फ्युजन बँडचीच. १९८८ मध्ये मॅक्लॅरेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्यावर तर काही विचारायलाच नको. नाम्कोचा 'फायनल लॅप', सेगाचा 'सुपर मोनॅको जीपी' या लाटेवरचेच.

घरातल्या श्रीमंतीचा नमुना हवा असेल तर शार्पचा एक्स६८००० हा संगणक पाहावा. मार्च १९८७, किंमत ३,६९,००० येन. शेजारी शेजारी उभे दोन काळे मनोरे, आणि त्या आकाराला कंपनीने दिलेलं नाव 'मॅनहॅटन शेप'. सोबत 'ग्रॅडियस' हा गेम फुकट, तोही पार्लरमधल्याच्या जवळपास तोडीस तोड. टेबलावर गगनचुंबी इमारत ठेवून त्यात यानं उडवायची, याहून नेमकं १९८७ मला तरी दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

आता या सगळ्यात एक गोष्ट लक्षात येते. आकाश रिव्हिएराचं, शर्यत मोनॅकोची, मनोरे मॅनहॅटनचे. चकचकीत गेमांत जपान फारसा नाहीच. पैशाने गच्च झालेला देश स्वतःकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत होता.

पैसा स्वतः गेममध्ये शिरला तो जरा वेगळ्या दारातून. १९८८ मध्ये निन्तेन्दोने नोमुरा सिक्युरिटीज या दलाल पेढीशी हातमिळवणी करून फॅमिकॉमला मॉडेम जोडला, घरबसल्या शेअरांचे सौदे करता यावेत म्हणून. मारिओ उड्या मारतो त्याच लाल-पांढऱ्या खोक्यावर बाबा शेअर विकणार! ती सोय फार चालली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस हडसनचा 'मोमोतारो देन्तेत्सु' आला, अकिरा साकुमाचा. दीड वर्षापूर्वीच, १ एप्रिल १९८७ ला, जपानची राष्ट्रीय रेल्वे मोडून तिच्या खाजगी कंपन्या झाल्या होत्या. गेममध्ये फासे टाकत देशभरच्या स्टेशनांवर जायचं आणि तिथले धंदे, जमीनजुमला विकत घ्यायचा. आपला 'व्यापार' रेल्वेत बसवला तर कसा होईल, तसा. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत साकुमाने 'बिन्बोगामी' आणला, दारिद्र्याचा देव. हा कळकट म्हातारा तुमच्या मानगुटीवर बसतो, तुमची मालमत्ता कवडीमोलाने विकतो, नको ते घेऊन ठेवतो. १९८९ साल, निक्केई शिखराकडे निघालेला आणि पोरं दारिद्र्यदेव एकमेकांच्या गळ्यात ढकलून हसताहेत. साकुमाला पुढचं दिसलं असं मी म्हणणार नाही. पण त्या काळाचं प्रामाणिक चित्र निळ्या आकाशापेक्षा मला इथे जास्त सापडतं.

तसंच दुसरं चित्र 'मदर'मध्ये, जुलै १९८९. लेखक शिगेसातो इतोई, मूळचा जाहिरातवाला. सेइबू दुकानासाठी १९८२ मध्ये त्याने लिहिलेली 'ओइशी सेइकात्सु', म्हणजे चविष्ट आयुष्य, ही ओळ त्या पिढीला पाठ. त्याच्या गेममध्ये तलवारी-किल्ले नाहीत. अमेरिकेसारखं उपनगर आहे, बॅट आहे, हॅम्बर्गर आहे. आणि नायकाचे वडील कधीच दिसत नाहीत. ते फोनवर बोलतात आणि मुलाच्या खात्यात पैसे भरतात, ते मशीनमधून काढायचे. 'चोवीस तास लढू शकाल का?' असं एका शक्तिवर्धक पेयाची जाहिरात नोकरदारांना विचारत होती, त्या वर्षातला हा बाप.

डिसेंबर १९८९ मध्ये यासुशी मिएनो बँक ऑफ जपानचे गव्हर्नर झाले आणि त्यांनी दर चढवत नेला. ऑगस्ट १९९० मध्ये तो ६ टक्के झाला. ऑक्टोबरपर्यंत निक्केई जवळजवळ अर्ध्यावर. (जुलै १९९१ मध्ये भारताने जे सुमारे ४७ टन सोनं गहाण ठेवलं, ते घेणाऱ्या दोन बँकांपैकी एक ही बँक ऑफ जपानच. त्यांचा फुगा फुटलेला, आपली तिजोरी रिकामी.) गेमच्या दुनियेला हे उशिरा कळलं, कारण यंत्रांचे आराखडे आधीच मंजूर झालेले. १९९० मध्येच सेगाची आर-३६० आली, खेळणाऱ्याला पट्ट्यांनी बांधून अक्षरशः उलटं-पालटं फिरवणारी. १९९२ मध्ये व्हिक्टरचा ८२,८०० येनांचा वंडरमेगा, १९९३ मध्ये पायोनियरचा ८९,८०० येनांचा लेझरअॅक्टिव्ह, दोन्ही घरगुती गेमयंत्रं. लग्न मोडल्यावर आलेला आहेर.

चित्र खरं बदललं ते १९९७ मध्ये. जानेवारीतल्या 'फायनल फँटसी ७'मध्ये वर श्रीमंतांची पोलादी थाळी, खाली झोपडपट्टी आणि पृथ्वीचा जीव शोषणारी कंपनी. नोव्हेंबरात होक्काइदो ताकुशोकू बँक आणि यामाइची सिक्युरिटीज एका आठवड्याच्या अंतराने कोसळल्या. आणि २३ डिसेंबरला 'ग्रान तुरिस्मो' दुकानात आला. त्यात तुमच्याकडे सुरुवातीला जेमतेम पैसे असतात, म्हणून तुम्ही जुन्या गाड्यांच्या बाजारात जाता. तिथे उभ्या आहेत तेजीच्या वर्षांतल्या गाड्या, वापरून उतरलेल्या भावात. स्कायलाइन जीटी-आर १९८९ ची, एनएसएक्स १९९० ची. या गेमच्या गॅरेजमधली देखणी रत्नं बबलच्या पैशातूनच घडलेली.

बबल हा विषय म्हणून, जपानी रस्त्यांसकट, गेममध्ये यायला २०१५ उजाडलं. सेगाचाच 'र्यू गा गोतोकू झीरो', बाहेर 'याकुझा झीरो' म्हणून ओळखला जाणारा. काळ डिसेंबर १९८८, जागा टोकियोच्या काबुकिचोवरून बेतलेलं कामुरोचो. सगळं रक्त सांडतं ते एका त्सुबोच्या पडीक तुकड्यासाठी, म्हणजे ३.३ चौरस मीटर, दोन खाटा जेमतेम मावतील एवढ्या जागेसाठी. जमीन बळकावण्यासाठी भाडेकरूंना धमकावणारे 'जिआगेया' तेव्हा खरोखरच होते. ठोसा मारला की गुंडाच्या अंगातून नोटा उडतात. रस्त्यावर नोटा उधळून दंगेखोरांना चुकवताही येतं. डिस्को, पेजर, टेलिफोन क्लब, सगळं आहे.

आणि नाक्यावर सेगाचं गेम सेंटर आहे. आत गेलं की आउट रनची पेटी उभी असते. नाणं टाकायचं, रेडिओवरचं गाणं निवडायचं आणि कोकोनट बीचवरून गाडी काढायची. बाहेर तेव्हा डिसेंबरची रात्र असते.