चीरो इन बाबिलोनिया

इटालियन संगीतकार जोआकीनो रोस्सीनी (१७९२–१८६८) याचा दोन अंकी ऑपेरा. शीर्षकाचा अर्थ ‘बाबिलोनमधील चीरो’. उपशीर्षक ‘बाल्दास्सारेचा पाडाव’. संहिता फ्रांचेस्को आव्हेन्तीची. पहिला प्रयोग फेर्रारा येथे मार्च १८१२ मध्ये झाला. रोस्सीनीला तेव्हा नुकतीच वीस वर्षे पूर्ण झाली होती.

विषय बायबलमधला असला तरी त्याची निवड भक्तिभावापेक्षा पंचांगाने केली. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात नेहमीचे ऑपेरे करता येत नसत. धर्मग्रंथातली कथा असली, की मात्र पडदा वर जाई. रोस्सीनीचा पुढचा ‘मोझे इन एजित्तो’ (१८१८, नेपल्स) हाही असाच उपवासकाळातला.

कथेचा गाभा दानीएलच्या पुस्तकातील पाचव्या अध्यायाचा. मराठी बायबलातला बाबिलोनचा राजा बेलशस्सर तोच येथील बाल्दास्सारे आणि पर्शियाचा राजा कोरेश म्हणजे चीरो. यरुशलेमच्या मंदिरातील पवित्र पात्रांतून राजा मेजवानीत मद्य पितो, भिंतीवर एक हात अक्षरे उमटवतो (‘मने, मने, तकेल, ऊफारसीन’) आणि दानीएल त्यांचा अर्थ सांगतो. आव्हेन्तीने याला प्रेमकथेची जोड दिली. चीरोची पत्नी आमीरा राजाच्या कैदेत आहे, राजाला तिच्याशी लग्न करायचे आहे. चीरो राजदूताच्या वेषात नगरात शिरतो आणि पकडला जातो. बायबलात यातले काहीही नाही. चीरोची भूमिका खालच्या पट्टीच्या स्त्री-आवाजासाठी लिहिलेली असून ती प्रथम मारिया मार्कोलीनीने गायली.

आज हा ऑपेरा आठवतो तो मात्र आर्जेने या दुय्यम पात्राच्या एका गाण्यामुळे. रोस्सीनीने उतारवयात फेर्डिनांट हिलर या संगीतकाराला सांगितलेली हकिकत अशी : या भूमिकेसाठी मिळालेल्या गायिकेचा आवाज अगदीच सुमार होता. तपासून पाहता तिचा एकच स्वर बरा निघाला, मधल्या सप्तकातला बी-फ्लॅट (आपल्या पेटीवरची काळी पाच). मग त्याने तिला तेवढ्या एकाच स्वराचे गाणे लिहून दिले आणि चाल सगळी वाद्यवृंदाकडे सोपवली. शब्द एका जागी उभे राहतात, भोवतीची वाद्ये हिंडतात. गाण्याला टाळ्या पडल्या, गायिकाही खूश झाली. रोस्सीनी हकिकती रंगवून सांगण्यात पटाईत होता हे खरे, पण स्वरलिपीत ते एका स्वराचे गाणे आजही आहे.

बाकीचा ऑपेरा त्याच्या मते सपशेल पडला. बोलोन्याला परतल्यावर मित्रांना दिलेल्या मेजवानीत त्याने मिठाईवाल्याकडून बदामाच्या मिठाईचे जहाज बनवून घेतले : निशाणावर ‘चीरो’ हे नाव, डोलकाठी मोडलेली, शिडे फाटलेली आणि जहाज सायीच्या समुद्रात कलंडलेले. मित्रमंडळींनी ते खाऊन फस्त केले.

त्यानंतर प्रयोग विरळाच. २०१२ मध्ये रोस्सीनीच्या जन्मगावी, पेसारोच्या महोत्सवात, दाविदे लिव्हरमोरने तो जुन्या मूकपटाच्या धाटणीने उभा केला. एवा पोडलेश या पोलिश गायिकेने चीरो गायला.